बायोस हे नाव देणारा गॅरी किल्डॉल: त्याची गोष्ट आणि सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरकडे बघायची रीत

घरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला, कंपनीचा लोगो आला आणि मग काळ्या स्क्रीनवर दोन पांढऱ्या ओळी येऊन सगळं थांबलं. अशा वेळी बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की विंडोज उडालं, आता फॉरमॅट मारावा लागणार. खरं तर बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चार-पाच वेगवेगळी कामं एकामागून एक होत असतात. गाडी नेमकी कोणत्या कामावर अडकली हे घरबसल्या, एकही स्क्रू न उघडता, बऱ्यापैकी ओळखता येतं.

हे ओळखता येतं यामागे एक माणूस आहे. त्याचं नाव गॅरी किल्डॉल. १९७६ च्या सुमारास त्याने आपल्या सॉफ्टवेअरच्या मधोमध एक रेघ मारली आणि रेघेखालच्या भागाला बायोस असं नाव दिलं. आज लॅपटॉप सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून तुम्ही ज्या स्क्रीनवर जाता, तिला आपण अजूनही त्याच नावाने ओळखतो. नाव सगळ्यांना माहीत आहे, नाव देणारा फारसा कुणाला माहीत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल.

जहाजवाल्यांच्या घरातला मुलगा

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. समुद्रकाठचं गाव. त्याच्या घराण्याची तिथे एक शाळा होती आणि तिच्यात जहाजावर काम करणाऱ्यांना समुद्रात दिशा कशी काढायची हे शिकवलं जायचं. जीपीएस नसलेल्या जमान्यात आपण कुठे आहोत हे तारे, घड्याळ आणि गणित यांच्या मदतीने शोधायचं, असं ते शिक्षण. तरुणपणी किल्डॉलनेही त्या शाळेत काम केलं.

त्याला गणिताचा मास्तर व्हायचं होतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गणितासाठी गेला आणि तिथे कॉम्प्युटरने त्याला पकडलं. तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, तरुणांना सैन्यात जावं लागत होतं. किल्डॉलला नौदलाची नोकरी शिकवण्याच्या रूपात मिळाली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तो कॉम्प्युटर शिकवू लागला. पुढे १९७२ मध्ये त्याने आपल्याच युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्सची डॉक्टरेटही मिळवली. कंपायलरमध्ये कोड आपोआप सुधारण्यावरचा त्याचा १९७३ चा रिसर्च पेपर या विषयाच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे हा गडी गॅरेजमध्ये खटपट करणारा होता, पण पक्का अभ्यासूही होता.

खेळण्याएवढी चिप आणि पडून राहिलेला ड्राइव्ह

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात साधारण २,३०० ट्रान्झिस्टर होते. तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये आज अब्जावधी असतात, त्यावरून अंदाज घ्या. कॅल्क्युलेटर किंवा सिग्नलचे दिवे चालवण्यासाठी ही चिप बरी, असं तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं. किल्डॉलला मात्र तिच्यात आख्खा कॉम्प्युटर दिसत होता. मॉन्टेरेहून इंटेलचं ऑफिस गाडीने जाण्याच्या अंतरावर होतं. शिकवणं सांभाळून तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि त्यांच्या प्रोसेसरसाठी त्याने पीएल/एम नावाची प्रोग्रामिंग भाषा तयार केली.

अडचण होती ती प्रोग्राम साठवायची. त्या काळी छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवायला भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरायचे. टेलिटाइप नावाचं यंत्र ती पट्टी सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने वाचायचं. त्याच सुमारास फ्लॉपी डिस्क आली होती. आठ इंचांच्या एका साध्या फ्लॉपीत जवळपास २५० केबी माहिती मावायची. तेवढीच माहिती कागदी पट्टीवरून वाचायची म्हटली तर सात तास लागले असते. फ्लॉपीचं महत्त्व किल्डॉलला का वाटलं असेल ते यावरून कळतं.

त्याने शुगार्ट कंपनीचा एक वापरलेला फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह म्हणजे नुसती मोटर आणि वाचणारं डोकं. त्याला प्रोसेसरशी जोडणारं सर्किट, म्हणजे कंट्रोलर, वेगळं लागतं. ते किल्डॉलने स्वतः बनवायचा प्रयत्न केला, पण जमेना. ड्राइव्ह बरेच दिवस तसाच पडून राहिला. शेवटी त्याने जॉन टोरोडी या हार्डवेअर जाणणाऱ्या मित्राला गाठलं. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात दोघांनी मिळून ते सगळं जुळवलं. कागदी पट्टीवरून सॉफ्टवेअर एकदा फ्लॉपीवर चढवलं, मग फ्लॉपीवरून सुरू केलं, आणि हुकमाची वाट बघणारी खूण आली.

हे सॉफ्टवेअर म्हणजे सीपी/एम, मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठीची सुरुवातीची ऑपरेटिंग सिस्टिम. किल्डॉलने ती आधी इंटेलला देऊ केली. इंटेलने पीएल/एम ठेवली आणि सीपी/एम घेतली नाही. मग त्याने आणि त्याची बायको डोरोथी हिने स्वतःची कंपनी काढली. आधी नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, पुढे नुसतं डिजिटल रिसर्च. धंद्याची बाजू डोरोथी बघायची.

रेघ कुठे मारली?

आता मुद्द्याची गोष्ट. त्या वेळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा होता. कीबोर्ड जोडायची पद्धत वेगळी, फ्लॉपीचा कंट्रोलर वेगळा. नवीन मशीन आलं की किल्डॉलला सीपी/एममध्ये हात घालून ते त्या मशीनसाठी बदलावं लागे. १९७६ मध्ये इम्साय या कंपनीला आपल्या ८०८० मशीनसाठी सीपी/एम हवं होतं. पुन्हा तेच बदल करत बसण्यापेक्षा किल्डॉलने सॉफ्टवेअरचे सरळ भाग पाडले.

वरचा भाग तुमचा हुकूम वाचणारा. मधला भाग फायलींचा हिशेब ठेवणारा. या दोन्हींना मशीन कुठलं आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही. सगळ्यात खालचा छोटा भाग तेवढा त्या विशिष्ट मशीनशी बोलणारा: कीबोर्डवरून एक अक्षर घे, स्क्रीनवर एक अक्षर टाक, डिस्कवरून एक तुकडा वाच. या खालच्या भागाला त्याने बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम म्हटलं. त्याचंच छोटं रूप म्हणजे बायोस.

हे समजायला आपल्याकडचं मिक्सरचं उदाहरण घ्या. मोटर एकच असते, वरची भांडी बदलतात, आणि दोघांचा सांधा ठरलेला असतो म्हणून कुठलंही भांडं बसतं. किल्डॉलने असाच सांधा ठरवून दिला. नवीन कॉम्प्युटर बनवणाऱ्याने फक्त खालचा बायोस लिहायचा, वरचं सगळं जसंच्या तसं चालतं. याचा परिणाम मोठा झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३,००० वेगवेगळ्या मॉडेल्सवर सीपी/एम चालत होतं. एकदा लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालणं ही आज आपल्याला साधी बाब वाटते. घरगुती कॉम्प्युटरच्या जगात ती इथून रुळली.

एक बारीक फरक लक्षात घ्या. किल्डॉलचा बायोस फ्लॉपीवर असायचा. फ्लॉपीचे पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखलेले असायचे आणि मशीन सुरू होताना तिथून सगळं मेमरीत यायचं. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला, तेव्हा त्यांनी स्वतःचा बायोस लिहिला आणि तो मदरबोर्डवरच्या कायमच्या चिपमध्ये बसवला. सुरुवातीची तपासणीही त्यातच होती. नाव आणि कल्पना किल्डॉलच्या वाटेने आलेली, जागा नवीन. चिपमधला बायोस तिथपासूनचा.

आयबीएमचा तो दिवस

किल्डॉलचं नाव आजकाल निघतं ते एकाच किश्श्यासाठी. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली तेव्हा किल्डॉल आपलं छोटं विमान घेऊन दुसऱ्या एका कामासाठी गेला होता. आयबीएमने गुप्ततेचा करार पुढे केला, डोरोथीने त्यावर सही करायला काचकूच केली. पुढे नेमकं काय ठरलं, काय फिसकटलं, याबद्दल तिथे असलेल्यांच्या सांगण्यात एकवाक्यता नाही. व्यवहार झाला नाही एवढं नक्की.

मग आयबीएमला ऑपरेटिंग सिस्टिम दिली ती मायक्रोसॉफ्टने. ती मूळची सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीतल्या टिम पॅटर्सनने लिहिलेली होती. प्रोग्रामकडून सिस्टिमला हाक मारायची तिची पद्धत सीपी/एमच्या पद्धतीशी जुळणारी ठेवलेली होती, म्हणजे जुने प्रोग्राम तिच्यावर सहज आणता यावेत. किल्डॉलला हे खटकलं. त्याने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवायचं कबूल केलं. पण किमती बघा: मायक्रोसॉफ्टची डॉस ४० डॉलरला, सीपी/एम २४० डॉलरला, आणि तीही काही महिन्यांनी आलेली. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

तो विमान उडवत बसला म्हणून अब्जाधीश व्हायचा राहिला, असा हा किस्सा सांगितला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. एखाद्या माणसाच्या पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब एका दुपारीवर मांडता येत नाही. त्यानंतरही त्याची कंपनी काम करत राहिली. तिने १९८८ मध्ये डीआर डॉस आणली. १९८५ मध्ये ग्रोलियरचा ज्ञानकोश सीडी-रॉमवर आला, तो किल्डॉलच्याच दुसऱ्या कंपनीच्या कामातून. १९८३ ते १९९० या काळात तो द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचा सहनिवेदक होता. त्याचे भाग आज इंटरनेटवर बघायला मिळतात. शांत आवाज, समोरच्याला खरंच काहीतरी विचारायचं आहे असा चेहरा. मास्तरकीची आवड गेली नव्हती.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीला विकली गेली. १९९२ मध्ये त्याच्या युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली. तिथूनच डॉक्टरेट घेतलेल्या किल्डॉलला इतर माजी विद्यार्थ्यांसारखं बोलावणं आलं, आणि मुख्य वक्ते होते बिल गेट्स. ते त्याला फार लागलं. त्यानंतर त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि घरच्यांना, जवळच्या मित्रांना वाटल्या. ११ जुलै १९९४ ला, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तो गेला. वय अवघं ५२. त्या आठवणींचा पहिला भाग कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१६ मध्ये लोकांसमोर आणला. त्याआधी २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कंपनीच्या जुन्या घरासमोर सीपी/एमच्या स्मरणार्थ एक फलक बसवला गेला.

तुमचा कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

मी दिवसभर सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. काही बंद पडलं की आमचा पहिला प्रश्न असतो: बिघाड रेघेच्या वर आहे की खाली? घरच्या कॉम्प्युटरलाही तोच प्रश्न विचारायचा. आजच्या मशीनमध्ये जुन्या बायोसची जागा यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीने घेतली आहे, पण रेघ तिथेच आहे.

१. बटण दाबलं, काहीच नाही. लाइट नाही, पंखा नाही. इथे अजून एकही प्रोग्राम चाललेला नाही, त्यामुळे विंडोजचा काही संबंध नाही. सॉकेट, केबल, अडॅप्टर, लॅपटॉप असेल तर बॅटरी, डेस्कटॉप असेल तर पॉवर सप्लाय, असं बघत जायचं.

२. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची केबल आणि मॉनिटरचा स्वतःचा लाइट बघा. तो ठीक असेल तर रॅम सैल झालेली असू शकते. बीप वाजत असेल तर किती वेळा, लांब की आखूड, हे लिहून ठेवा. बायोसची ती भाषा आहे, आणि तिचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो.

३. लोगो येतो, मग बूट करायला डिस्क सापडत नाही असा मेसेज. आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा, कधी कधी मशीन त्याच्यावरच विंडोज शोधत बसतं. तरीही तेच झालं तर पुन्हा सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहा, काही कंपन्यांची की वेगळी असते. बायोसची स्क्रीन उघडली म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले निदान कामापुरते जागे आहेत. आता तिथे तुमच्या हार्ड डिस्कचं किंवा एसएसडीचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर डिस्क, तिची केबल किंवा तिची जागा यात घोळ आहे. दिसत असेल तर बूट ऑर्डर किंवा डिस्कवरची सुरुवातीची माहिती बिघडली असावी. तिथे नुसतं बघा, सेटिंग बदलू नका, आणि सेव्ह न करता बाहेर या. काही लॅपटॉपवर सेटिंग बदलली की विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागतं, आणि ती अनेकांकडे लिहून ठेवलेली नसते.

४. विंडोजचं गोल गोल फिरतं आणि तिथेच अडकतं. आता आपण रेघेच्या वर आलो. अपडेट, ड्रायव्हर, खराब झालेली फाइल किंवा थकत चाललेली डिस्क, यांपैकी काही असू शकतं. स्टार्टअप रिपेअर आणि सेफ मोड हे उपाय इथले. सेफ मोडमध्ये चालू झालं तर सगळ्यात आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, बाकीचं नंतर.

५. दर वेळी तारीख मागे जाते. मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो. बहुतेक वेळा तोच संपलेला असतो.

हे माहीत असण्याचा उपयोग सांगतो. माझ्या मावसभावाचा डेस्कटॉप असाच तिसऱ्या पायरीवर अडकला होता. एका दुकानात त्याला सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. त्या डिस्कवर त्याच्या आजोबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्याने फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं की बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का. दिसत नव्हतं. जी डिस्क मशीनला दिसतच नाही, तिला फॉरमॅट मारून काय होणार? कव्हर उघडल्यावर डिस्कची केबल सैल निघाली. ती दाबून बसवली आणि फोटोंसकट सगळं परत आलं.

दर वेळी इतकं सोपं नसतं. डिस्क खरंच मेली असेल तर केबल दाबून ती जिवंत होत नाही, आणि डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यावी. पण दुकानात जाताना, गाडी कोणत्या पायरीवर अडकते, हे तुम्ही सांगू शकलात तर समोरचा तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो. आणि फॉरमॅट हा शब्द ऐकला की तो कशासाठी, हे विचारायची हिंमत येते.

फोनलाही हेच लागू आहे. फोन लोगोवर अडकतो, परत परत रीस्टार्ट होतो. तिथेही खाली चिपमधला छोटा कायमचा प्रोग्राम, मग बूटलोडर, मग अँड्रॉइड अशी उतरंड आहे. लोगो दिसतोय म्हणजे खालचं बरंचसं ठीक आहे, आणि रिकव्हरी मोड उघडतोय म्हणजे दुरुस्तीची आशा आहे. रिकव्हरीत दिसणारा फॅक्टरी रीसेट मात्र सगळ्यात शेवटी, कारण तो फोनमधला डेटा पुसून टाकतो.

समुद्रात आपण कुठे आहोत हे आधी काढायचं आणि मग सुकाणू फिरवायचं, असं शिकवणाऱ्या घरातून किल्डॉल आला होता. पुढच्या वेळी काळी स्क्रीन दिसली तर एक मिनिट थांबा, आपण कोणत्या पायरीवर आहोत ते बघा, आणि मगच कशाला हात लावा.